दुधाची घट कोणाच्या खात्यावर? खानदेशातील दूध संघांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, संचालक व कार्यकारी संचालक,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व सहकारी दूध संघ आणि खासगी दूध प्रकल्प

विषय : संकलनापासून वितरणापर्यंत होणारी दुधाची घट टप्प्याटप्प्यावर मोजण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी पारोळा तालुक्यातील एका गावात पाच म्हशी सांभाळणारा दूध उत्पादक आहे. त्याआधी तेवीस वर्षे मी एका दूध प्रकल्पाच्या डॉकवर, म्हणजे गाड्यांमधून कॅन उतरवतात त्या धक्क्यावर, नमुने तपासण्याची नोकरी केली. त्यामुळे दुधाची घट मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. नोकरीत असताना ती मी दुसऱ्यांच्या नावावर लिहीत होतो. आता ती माझ्या नावावर लिहिली जाते. या पत्रात मला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्याकडे घट जिथे होते तिथे ती मोजली जात नाही, आणि न मोजलेली घट अखेरीस उत्पादकाच्या दरात जिरवली जात असल्यामुळे ती कमी करण्याची निकड साखळीतल्या कोणालाच भासत नाही.

नोकरीच्या काळातल्या, एप्रिल महिन्यातल्या एका सकाळची गोष्ट सांगतो, कारण हे पत्र लिहिण्याचे मूळ तिच्यात आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून येणारी एक गाडी सव्वानऊला आमच्या फाटकात आली. त्या दिवशी कॅन धुण्याचे यंत्र बंद पडले होते आणि गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. तिचा नंबर लागला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. सोळा कॅनपैकी अकरा कॅनचे दूध अल्कोहोल चाचणीत फुटले. माझ्या रजिस्टरमध्ये ‘आंबट’ असा रकाना होता. गाडी फाटकात किती वाजता आली हे लिहिण्यासाठी रकाना नव्हता. मी अकरा आकडे ‘आंबट’च्या खाली लिहिले आणि त्या संस्थेच्या बिलातून पैसे कापले गेले. संस्थेचे सचिव वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी भांडण केले नाही. ते एवढेच म्हणाले, “आमनं दूध ताजं व्हतं, भाऊ, तुमना दारमा उभं ऱ्हाईसन नासनं.” त्यांचे म्हणणे खरे आहे हे मला तेव्हाही माहीत होते. तरीही रजिस्टरमध्ये जे लिहिले गेले तेच वर्षअखेरीच्या हिशोबात गेले आणि तिथे ती घट ‘संकलनातील निकृष्ट दूध’ या नावाने मोजली गेली.

देशपातळीवरचे आकडे पाहिले तर दूध हा तसा सांभाळून हाताळला जाणारा माल वाटतो. लुधियाना येथील काढणीपश्चात अभियांत्रिकीच्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे सिफेटने, २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दुधाची घट ०.९२ टक्के आढळली होती. त्याआधीच्या २०१० च्या पाहणीत ती ०.८ टक्के होती. याउलट जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०११ च्या अहवालात दक्षिण व आग्नेय आशियासाठी हाताळणी व साठवणुकीतील घट ६ टक्के आणि वितरणातील घट १० टक्के धरली आहे. दोन्ही आकडे जाणकारांचे आहेत आणि दोघांत एवढी तफावत आहे. याचे कारण घट कशाला म्हणायचे आणि ती कोठून कोठपर्यंत मोजायची, यावर सगळे अवलंबून असते. यातला लहान आकडा खरा धरला तरी तो किरकोळ नाही. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध उत्पादन झाले. त्याचा ०.९२ टक्के हिस्सा वर्षाला बावीस लाख टन, म्हणजे दिवसाला साठ लाख किलो होतो. मात्र देशाच्या सरासरीत शिरपूरचा रस्ता दिसत नाही आणि भुसावळचा मे महिनाही दिसत नाही. आपली घट आपल्यालाच मोजावी लागेल.

मोजमापाची पहिली अडचण गावातल्या केंद्रावरच सुरू होते, आणि मी तिथे थोडा अधिक थांबणार आहे, कारण संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय क्वचितच इतक्या खाली उतरतो. एक लिटर दुधाचे वजन साधारण १.०३ किलो भरते. ज्या केंद्रावर दूध मापाने घेतले जाते आणि पुढे डॉकवर किलोने मोजले जाते, तिथे शंभर लिटरचे एकशे तीन किलो होतात. नोंद करणाऱ्याने किलो आणि लिटर यांत फरक केला नाही, तर हिशोबात तीन टक्के दूध हवेतून वाढते किंवा दिशा उलटी असेल तर तेवढेच हवेत नाहीसे होते. सिफेटची सगळी घट एक टक्क्याच्या आत आहे. एकक चुकल्याने होणारी कागदावरची गडबड तिच्या तिप्पट आहे. अशा वहीवरून खरी घट शोधता येत नाही. त्यामुळे पहिली मागणी अगदी साधी आहे : गावापासून पॅकिंगपर्यंत प्रत्येक ठिकाणी दूध किलोतच मोजावे, आणि उत्पादकाच्या पावतीवर लिटर छापायचे असेल तर ते १.०३ ने भागून छापावे.

दुसरी गोष्ट काट्याची. काटा शंभर मिलीलिटरच्या खालचे दाखवत नसेल आणि उरलेले सोडून देत असेल, तर उत्पादकाचे प्रत्येक वेळी शून्य ते शंभर मिलीलिटरच्या दरम्यान काहीतरी जाते. सरासरी पन्नास धरा. दोन वेळचे शंभर मिलीलिटर झाले आणि वर्षाचे साडेछत्तीस लिटर. ज्याच्या घरी एकच म्हैस आहे आणि जो वेळेला तीन लिटर घालतो, त्याच्या दृष्टीने ही सहा दिवसांची कमाई आहे. शिवाय नमुन्याचे दूध आहेच. फॅट पाहण्यासाठी घेतलेले वाटीभर दूध उत्पादकाला परत मिळत नाही. दीडशे सभासद, दोन वेळा, आणि नमुना फक्त पन्नास मिलीलिटरचा धरला तरी रोजचे पंधरा लिटर दूध होते. ते कुठे जाते, हे गावात सर्वांना माहीत असते आणि वहीत ते कुठेही नसते.

हे सगळे मिळून संस्थेच्या ताळेबंदात एक शब्द तयार होतो, ‘वाढावा’. सभासदांकडून घेतलेल्या दुधापेक्षा संघाला पाठवलेले दूध जास्त भरते. लेखापरीक्षक ते उत्पन्न म्हणून नोंदवतात आणि सचिवाचे कौतुक होते. सांडलेले, नासलेले, फेसात गेलेले दूध या वाढाव्याखाली झाकले जाते. दूध हा काही बियाण्यासारखा पेरून वाढणारा माल नव्हे, त्यामुळे कॅनमध्ये ते वाढले असेल तर कोणाच्या तरी बादलीत ते कमी मोजले गेले असले पाहिजे. यात मी सचिवांना चोर म्हणत नाही. संघ देत असलेल्या कमिशनमध्ये केंद्राचे वीजबिल, मापाड्याचा पगार आणि कागदपत्रे भागत नाहीत, आणि ती तूट वाढाव्यातून भरली जाते, ही गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. म्हणून काटे दहा ग्रॅमपर्यंत अचूक करा अशी सूचना एकटी पाठवून चालणार नाही. तिच्याबरोबर कमिशनही वाढवावे लागेल. तसे झाले नाही तर नव्या काट्यावरही वाढावा निघेलच, फक्त त्याची वाट बदलेल.

फॅट मोजण्याच्या यंत्राबद्दल एक तांत्रिक टीप जोडतो. आज बहुतेक केंद्रांवर ध्वनिलहरींवर चालणारे विश्लेषक आहेत. ते चांगले असतात, पण दुधात हवेचे बुडबुडे असतील, दूध फार गरम असेल किंवा आंबटपणाकडे झुकलेले असेल, तर त्यांचा आकडा हलतो, आणि धार काढून लगेच ओतलेल्या म्हशीच्या दुधात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी हमखास असतात. दहा हजार लिटर दुधात फॅट ०.१ टक्क्याने चुकले तर दहा किलो फॅटचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच तुपाचा. आम्लाने फॅट वेगळे करून मोजण्याची गर्बर पद्धत जुनी आहे. तीत सल्फ्युरिक आम्ल हाताळावे लागते, अमाईल अल्कोहोल लागते, वेळ लागतो. परंतु आठवड्यातून एकदा प्रत्येक केंद्राच्या यंत्रावरील पाच नमुने गर्बरने ताडून पाहिले आणि दोन्ही आकडे फलकावर शेजारी शेजारी लिहिले, तर गावातली अर्धी भांडणे मिटतील. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, तो लोक विचारतात; फॅटच्या यंत्राचा ताळा कोणी विचारत नाही.

आता उन्हाकडे येतो. खानदेशात घटीचे सर्वांत मोठे कारण तेच आहे, आणि त्याचे मोजमाप सर्वांत सोपे असूनही सर्वांत कमी होते. धार निघते तेव्हा दूध ३७-३८ अंशांवर असते. पहिले दोन-तीन तास दुधातली नैसर्गिक द्रव्ये, विशेषतः लॅक्टोपेरॉक्सिडेजची यंत्रणा, जंतूंना थोपवून धरतात. ती मुदत संपली की पस्तीस अंशांच्या आसपास जंतूंची संख्या साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होऊ लागते. दुप्पटीचे आठ फेरे म्हणजे २५६ पट. त्याला चार तास पुरतात. सकाळी सहाला धार काढलेले दूध साडेसातला केंद्रावर येते, साडेआठला गाडीत चढते, आणि गाडी वाटेत अकरा गावे घेत साडेदहाला डॉकवर पोहोचते. बाहेर चाळीस अंश तापमान असते आणि ॲल्युमिनियमच्या कॅनवर ताडपत्री असते किंवा तीही नसते. या वेळापत्रकात दुधाने नासू नये ही अपेक्षा निसर्गाकडून आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून येणाऱ्या दुधाचे वेळापत्रक याहून लांब असते.

गावोगावी बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करून साठवणाऱ्या टाक्या, बसवणे हे यावरचे खरे उत्तर आहे, आणि त्या बाबतीत काम झाले आहे हे मी नाकारत नाही. तथापि कूलर बसला म्हणजे दूध थंड झाले असे नाही. टाकीत रात्रीचे पाचशे लिटर दूध चार अंशांवर असताना सकाळचे पाचशे लिटर चौतीस अंशांचे दूध एकदम ओतले, तर संपूर्ण टाकी क्षणात एकोणीस अंशांवर येते, आणि रात्रभर जपलेले दूधही त्या तापमानात जाते. टाकीची क्षमता भर उन्हाळ्यात पाहावी लागते; दिवाळीतल्या थंडीत सगळेच कूलर चांगले चालतात. हजार लिटर दूध पस्तीसवरून चार अंशांवर आणायला माझ्या हिशोबाने पंधरा ते वीस युनिट वीज लागते. ती वीज नेमकी धार निघाल्यानंतरच्या तीन तासांत लागते. दुपारी वीज येऊन तिचा उपयोग नाही. म्हणून कूलरच्या ठिकाणी तापमानाची आपोआप नोंद करणारे उपकरण असावे आणि वीज गेल्याची वेळही त्यात यावी. दूध आंबले तर ते उत्पादकाने आंबवले की महावितरणच्या फीडरने, हे तेव्हाच कळेल.

दुधाची जंतूंबाबतची स्थिती पाहण्याची मिथिलिन ब्लूची चाचणी माझ्या आवडीची आहे, कारण तिला महाग यंत्र लागत नाही. दहा मिलीलिटर दुधात एक मिलीलिटर निळा रंग घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि रंग जायला किती वेळ लागतो ते पाहायचे. पाच तास किंवा अधिक लागले तर दूध अतिशय चांगले, तीन-चार तास लागले तर चांगले, एक-दोन तास म्हणजे बरे, आणि अर्ध्या तासात रंग गेला तर वाईट, असे भारतीय मानकातले वर्गीकरण आहे. अल्कोहोल चाचणी किंवा उकळून पाहण्याची चाचणी दूध ‘घ्यावे की परतवावे’ एवढेच सांगते, आणि तेही नुकसान झाल्यानंतर. निळ्या रंगाची चाचणी आधीच सांगते की या गावचे दूध चांगले निघते पण या गाडीवर बिघडते. मी डॉकवर असताना एकदा स्वतःच्या समाधानासाठी एकाच गाडीतील सहा संस्थांचे नमुने केंद्रावर आणि डॉकवर असे दोन्हीकडे तपासले होते. केंद्रावर सहाही संस्थांचा रंग चार तासांहून अधिक टिकला होता. डॉकवर पहिल्या दोन गावांचा, म्हणजे ज्यांचे कॅन गाडीत सर्वाधिक वेळ राहिले त्यांचा, रंग दीड तासात गेला. गाडीचा मार्ग उलटा करून पाहावा असे मी सुचवले होते. वाहतूक ठेकेदाराला ते सोयीचे नव्हते.

कॅनच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, आणि तो अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत हमखास दिसतो. त्या आठवड्यात लेकी माहेरी येतात, घरोघरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि लोक दूध घरीच ठेवतात. संकलन घटते, पण गाडीवर कॅनची संख्या तेवढीच राहते. चाळीस लिटरच्या कॅनमध्ये अठरा-वीस लिटर दूध हेलकावे खात येते. उन्हात आणि खड्ड्यांतून एवढे घुसळल्यावर त्यात लोणी सुटते आणि झाकणाला, कडेला चिकटते. डॉकवर त्या कॅनचे फॅट कमी लागते. उत्पादकाने पाणी घातले, असा त्यावरचा पहिला निष्कर्ष असतो. वास्तविक फॅट झाकणावर असते. अर्धे कॅन एकत्र करून भरलेले कॅन पाठवणे एवढाच याचा उपाय आहे. त्यासाठी ज्या संस्थांचे दूध एकत्र होईल त्यांची मोजणी आधी केंद्रावरच पूर्ण झालेली असली पाहिजे. केंद्रावरची मोजणी अंतिम मानायची तयारी असेल तरच हे शक्य आहे, आणि आज ती तयारी नाही.

इथे माझी मुख्य मागणी येते. दूध ज्याच्या ताब्यात असताना बिघडले त्याने ती घट सोसावी. त्यासाठी दुधाचा नमुना गाडी फाटकात आल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत घेतला जावा, त्यावर वेळ लिहिली जावी, आणि दर त्या नमुन्यावर ठरावा. रांगेतल्या अडीच तासांत जे होईल ते प्रकल्पाच्या नावावर पडले, तर कॅन धुण्याचे यंत्र दुरुस्त व्हायला आठवडा लागणार नाही. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे : असे केल्यास आंबट दूध सोडा टाकून खपवले जाईल. सोडा टाकणारा दोषी आहेच, आणि रोझॉलिक आम्लाच्या दोन थेंबांत तो पकडला जातो. ती चाचणी प्रत्येक गाडीवर करावी, त्याला कोणाचीही हरकत नसावी. परंतु ज्या व्यवस्थेत ताजे दूध आणणाऱ्यालाही वेळेचा दंड बसतो, तीच व्यवस्था माणसाला सोड्याकडे ढकलते, हेही मी तेवीस वर्षे पाहिले आहे.

प्रकल्पाच्या आतली घट हा आपल्या अधिकाऱ्यांचा प्रांत आहे आणि त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. तरी तिच्याबद्दल उत्पादकांना कधीच काही सांगितले जात नाही म्हणून लिहितो. कॅन घाईने उलटा केला तर त्याच्या आत दुधाचा पातळ थर राहतो. एका कॅनमागे पन्नास मिलीलिटर धरले तर पाचशे कॅनमागे पंचवीस लिटर दूध धुण्याच्या पाण्यात जाते. ठिबकणारे दूध गोळा करणारी पन्हळ बसवून आणि कॅन थोडा वेळ पालथा ठेवून त्यातले बरेचसे वाचते. पाश्चरायझर सुरू करताना आणि बंद करताना नळ्यांमध्ये पाणी आणि दूध मिसळते, ते किती गोळा केले जाते आणि किती सोडून दिले जाते हे ऑपरेटरच्या सवयीवर असते. पिशव्यांच्या यंत्राचा सीलिंगचा दाब चुकला की गळक्या पिशव्यांचा ढीग लागतो. त्या फाडून दूध परत टाकीत घेताना काही सांडते, आणि परत गरम झालेल्या त्या दुधाचा दर्जाही खालावतो. पनीरच्या निवळीचे तर आपण नावच घेत नाही. शंभर लिटर म्हशीच्या दुधातून वीसेक किलो पनीर निघते आणि उरलेली निवळी, दुधातली जवळजवळ सगळी साखर आणि विरघळणारी प्रथिने घेऊन, बहुतेक ठिकाणी सांडपाण्यात जाते.

ही सगळी घट एका ठिकाणी एकत्र होते, ते म्हणजे प्रकल्पाचे गटार. दुधाची जैवरासायनिक ऑक्सिजनची मागणी, ज्याला प्रयोगशाळेत बीओडी म्हणतात, लिटरला सुमारे एक लाख मिलिग्रॅम असते. समजा, दिवसाला एक लाख लिटर दूध हाताळणाऱ्या प्रकल्पातून दोन लाख लिटर सांडपाणी निघते आणि शुद्धीकरणाआधी त्याची बीओडी लिटरला एक हजार मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोज दोनशे किलो बीओडी, आणि तेवढ्या बीओडीला दोन हजार लिटर दूध लागते. दोन टक्के! यात धुण्याची रसायने आणि कामगारांच्या वापराचे पाणी धरून काही वजावट करावी लागेल, हे खरे. तरीही प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी जी तपासणी आपण करताच, तिच्याच कागदातून आतल्या घटीचा अंदाज बाहेर येतो, आणि तो उत्पादन विभागाच्या ‘०.५ टक्के घट’ या ठरीव आकड्याशी ताडून पाहता येतो. त्याच्या जोडीला आवक आणि जावक यांचा फॅट व एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांच्या किलोंमधला ताळेबंद रोजचा रोज काढला, तर कोणत्या विभागात किती गेले हे दडून राहत नाही. लिटरचा ताळेबंद जुळवता येतो, पाणी घालूनही जुळवता येतो. फॅटचा आणि एसएनएफचा एकाच वेळी जुळवणे कठीण असते.

वितरणाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तो माझ्या कामाचा भाग नव्हता. पहाटे क्रेट दुकानासमोर ठेवून गेलेली गाडी आणि सात वाजता दुकान उघडणारा दुकानदार यांच्यामधल्या दोन तासांत जळगाव-भुसावळसारख्या शहरांत किती पिशव्या खराब होतात, हे परत आलेल्या मालाच्या नोंदीत सापडावे. परताव्याची नोंद तारीख व मार्गानुसार ठेवली तर तो दोष दूध गावातून घाण आल्याचा नसून क्रेट उघड्यावर राहिल्याचा आहे, हे काही प्रसंगी तरी सिद्ध होईल.

दूध निघण्याआधीची घटही या मोजमापात यावी असा माझा आग्रह आहे. २०२२ च्या लम्पीच्या साथीतली राज्यातली पहिली नोंद ४ ऑगस्टला रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. ज्यांची जनावरे त्यातून वाचली त्यांचेही दूध कितीतरी महिने सावरले नाही, आणि ती घट कोणत्याही संघाच्या अहवालात ‘संकलनात घट’ या दोन शब्दांपलीकडे गेली नाही. त्याहून मोठे आणि सततचे नुकसान छुप्या दगडीचे, म्हणजे वरून न दिसणाऱ्या कासदाहाचे, आहे. सडातून गुठळ्या आल्यावर उत्पादक डॉक्टर बोलावतो. पण त्याआधी अनेक दिवस कास आतून सुजलेली असते, दूध कमी झालेले असते, एसएनएफ घसरलेला असतो, आणि पावतीवर आकडा कमी दिसला की तो यंत्राला शिव्या देतो. चार खणांच्या प्लास्टिकच्या ताटलीत चारही सडांचे थोडे दूध घेऊन त्यात द्रावण मिसळण्याची चाचणी मिनिटभरात होते. एसएनएफ सलग तीन दिवस घसरलेल्या सभासदाच्या गोठ्यावर ही ताटली घेऊन माणूस पाठवणे संघाला परवडते. संगणकात ते आकडे रोज येतातच. ते दर कापण्यापलीकडे कशासाठी वापरले जात नाहीत.

खर्चाचा प्रश्न आपण विचाराल. मी जे मागतो आहे त्यातला बराचसा भाग खरेदीचा नाही, नोंदीचा आहे. प्रत्येक हस्तांतरावर पाच आकडे : किलो, फॅट, एसएनएफ, तापमान आणि वेळ. शेवटचे दोन आकडे आज जवळपास कुठेही लिहिले जात नाहीत, आणि घट कोणाची हे त्याच दोघांवरून ठरते. एका तापमापीला फार पैसे लागत नाहीत. संपूर्ण जिल्ह्यात एकदम सुरुवात करावी असेही माझे म्हणणे नाही. आपल्या सर्वांत लांबच्या मार्गांपैकी एक निवडा, आणि अखाजीच्या आधीचे पंधरा दिवस व नंतरचे पंधरा दिवस त्या एकाच मार्गावर हे पाच आकडे घ्या. दोन्ही पंधरवड्यांचे निष्कर्ष त्या मार्गावरच्या प्रत्येक संस्थेच्या फलकावर लावा. प्रकल्पाच्या आतली घटही त्यात असू द्या, नाहीतर गावकरी त्या फलकाकडे पाहणार नाहीत.

जे मार्ग मी वर्षानुवर्षे तपासले त्यांच्या वेळा मी एका वहीत घरी लिहून ठेवत असे. रजिस्टरमध्ये जागा नव्हती म्हणून. त्यात साडेचार वर्षांच्या गाड्यांच्या फाटकात येण्याच्या आणि कॅन उतरण्याच्या वेळा आहेत, आणि ज्या दिवशी दूध परत गेले त्या दिवसांवर खूण आहे. आपल्यापैकी जो संघ किंवा प्रकल्प हा एक मार्ग मोजण्याचे ठरवील, त्याच्या गुणनियंत्रण विभागाला मी ती वही दाखवीन आणि महिनाभर पहाटे गाडीवर बसायलाही येईन. म्हशींची धार माझा मुलगा काढतो.

कळावे,
आपला नम्र,
एक दूध उत्पादक व निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव